दगडाची पैसेवारी

गिरडच्या टेकडीवर चढताना पायाखाली गोलसर, खडबडीत खडे लागतात. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यासाठी दूरवर माहीत आहे, आणि या खड्यांची गोष्टही दर्ग्याशीच जोडलेली आहे. दोन फिरते व्यापारी नारळ आणि इतर माल घेऊन या बाजूनं चालले होते. त्यांनी बाबांची टिंगल केली, तशी बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड केले. व्यापारी गयावया करू लागले, तेव्हा वाळल्या पानांतून त्यांना नवा माल मिळाला. दगड झालेला माल मात्र टेकडीवर तसाच राहिला. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरमध्ये ही कथा नोंदवलेली आहे, आणि खडे झिओलाइटचे आहेत असंही तिथंच म्हटलं आहे.

झिओलाइट आपल्या काळ्या कातळाच्या पोटातून येतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजल्यावर त्यांच्या पोकळ्या उरल्या. पुढे गरम पाणी त्या पोकळ्यांतून झिरपत राहिलं आणि त्यातून स्फटिक वाढले. त्यांच्या आत इतकं पाणी कोंडलेलं असतं की तापवल्यावर खडा फसफसतो. ते पाहूनच स्वीडनच्या क्रॉनस्टेटनं १७५६ साली ग्रीक शब्दांवरून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचं हे नाव ठेवलं.

असा खडा हातात घेतला की माझ्या मनात एक प्रश्न येतो. तुला घडवणारं पाणी किती गरम होतं? प्रश्न भाबडा नाही. त्याचं उत्तर हिशेबानं काढता येतं, आणि त्या हिशेबाचा कच्चा माल म्हणजे खनिजांचे ऊष्मागतिकीय गुणधर्म. एन्थाल्पी, म्हणजे खनिज घडताना किती उष्णता बाहेर पडली. एन्ट्रॉपी, म्हणजे त्यातल्या अणूंना हलण्याथरथरण्याची किती मोकळीक आहे. या दोन्हींची तापमानाशी सांगड घातली की गिब्ज ऊर्जा मिळते. पाणी जसं उताराकडे धावतं, तसे अणू कमी गिब्ज ऊर्जेच्या मांडणीकडे जातात. कोणत्या तापमानाला, कोणत्या पाण्यात कोणतं खनिज टिकेल, हे त्या उतारावरून कळतं.

अडचण अशी की आज मान्यता पावलेल्या खनिजांची संख्या सहा हजारांच्या वर आहे आणि नीट मोजमाप झालेली खनिजं जेमतेम काही शेकडा. मोजणं सोपं नाही. एन्ट्रॉपीसाठी नमुना द्रवरूप हेलियमनं उणे २६८ अंशांच्या आसपास थंड करतात आणि चिमूट चिमूट उष्णता देत, प्रत्येक चिमटीला तापमान किती चढलं ते नोंदवत वर आणतात. एन्थाल्पीसाठी खनिज विरघळवावं लागतं, आणि सिलिकेट काही साध्या आम्लात विरघळत नाही. त्याला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, नाहीतर सातशे अंशांवर वितळलेलं लेड बोरेट. नमुना शुद्ध हवा, पुरेसा हवा. बहुतेक खनिजं या परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत.

मग उरलेल्या हजारो खनिजांचं काय? तिथं अंदाज करतात. अंदाज हा शब्द ऐकून नाक मुरडू नये, कारण आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याचं वर्ष अशाच एका अंदाजावर तोललेलं असतं. पैसेवारी! गावातली सगळी शेतं कुणी कापून तोलत नाही. मोजक्या शेतांत ठरावीक मापाचा चौकोन आखतात, त्यातलं पीक काढून तोलतात आणि प्रमाण उत्पन्नाशी ताडून रुपयाला किती पैसे पिकलं ते ठरवतात. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आकडा गेला तर टंचाईच्या सवलतींची वाट मोकळी होते. ज्या गावाची पैसेवारी ८० आहे तिथं चार पैशांची चूक झाली तरी काही बिघडत नाही. ज्या गावाची ५१ आहे तिथं तेच चार पैसे सगळं काही आहेत. चूक तेवढीच, तिची किंमत मात्र उंबरठा किती जवळ आहे त्यावर ठरते. खनिजांच्या हिशेबातही नेमकं हेच घडतं, आणि हे लक्षात न घेता छापलेल्या आकड्यांवर भिस्त ठेवली की निष्कर्ष फसतात.

आधी अंदाज बांधतात कसा ते पाहू. सगळ्यात साधी रीत बेरजेची. खनिज म्हणजे काही ऑक्साइडांची मोट असं धरायचं आणि त्यांच्या एन्ट्रॉपी मिळवायच्या. गेल्या शतकाच्याही आधी, १८६०च्या दशकात, हर्मन कॉप या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं उष्णताधारकतेबद्दल असाच नियम मांडला होता. आपल्या कातळातली खनिजं घेऊन तो पडताळता येतो. कागद-पेन्सिल पुरते.

ऑलिव्हिन गटातलं फोर्स्टेराइट घ्या. त्यात मॅग्नेशियाचे दोन वाटे, सिलिकाचा एक. २५ अंशांना मॅग्नेशियाची एन्ट्रॉपी २६.९ आणि सिलिकाची, म्हणजे गारेची किंवा क्वार्ट्झची, ४१.५ आहे (एकक ज्यूल, दर मोलला, दर केल्व्हिनला). दोन मॅग्नेशियाचे ५३.८, अधिक ४१.५, एकूण ९५.३. प्रत्यक्ष मोजलेला आकडा ९४.१. सव्वा टक्क्याचा फरक! कुठल्याही उपकरणाला हात न लावता एवढं जवळ जाता आलं.

आता डायोप्साइड घेऊ. काळ्या कातळातल्या ऑजाइटचा हा शुद्ध भाऊ. चुन्याचे ३८.१, मॅग्नेशियाचे २६.९, सिलिकाच्या दोन वाट्यांचे ८३.०, बेरीज १४८.०. मोजलेली एन्ट्रॉपी १४२.७. फरक पावणेचार टक्क्यांवर गेला, तरी चालण्यासारखा आहे.

मग अनॉर्थाइट. कातळात चकाकणाऱ्या पांढऱ्या प्लॅजिओक्लेजच्या कुटुंबातलं. चुना ३८.१, अ‍ॅल्युमिना ५०.९, सिलिका ८३.०, बेरीज १७२.०. मोजमाप सांगतं १९९.३. सत्तावीस ज्यूल कमी पडले, जवळजवळ चौदा टक्के. इथं बेरजेची रीत तोंडावर आपटली, आणि ती का आपटली हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर ठिकाण वाटतं. शुद्ध अ‍ॅल्युमिनात, म्हणजे कुरुंदात, अ‍ॅल्युमिनियमच्या एका अणूला सहा ऑक्सिजन घट्ट वेढून असतात. अनॉर्थाइटमध्ये तोच अणू चारच ऑक्सिजनांच्या मधे, ऐसपैस जाळीत बसतो. ऑक्साइडांचं घनफळ मिळवलं तर ८७.७ घन सेंटिमीटर होतं, अनॉर्थाइटचं प्रत्यक्षात १००.८ आहे. जागा वाढली, अणू सैल झाले, थरथर वाढली, एन्ट्रॉपी वाढली. म्हणजे चुकीनंच सांगितलं की दगडाच्या आत घर कसं बांधलेलं आहे. केंब्रिजच्या टिम हॉलंड यांनी १९८९ साली एन्ट्रॉपी आणि घनफळाचं हे नातं व्यवस्थित मांडलं. एक घन सेंटिमीटर जागा वाढली की साधारण एक ज्यूल एन्ट्रॉपी वाढते असं त्यांना दिसलं, आणि चौघांत बसलेला अ‍ॅल्युमिनियम नि सहांत बसलेला अ‍ॅल्युमिनियम यांची खाती वेगळी ठेवायला हवीत हेही स्पष्ट झालं.

खाती वेगळी केली की पुढचं काम संख्याशास्त्राचं. समजा, गल्लीतल्या तीस घरांची किराण्याची बिलं तुमच्या हाती आली. प्रत्येक बिलावर माल किती घेतला ते लिहिलं आहे, एकूण रक्कमही आहे, पण तेलाचा, साखरेचा, डाळीचा दर कुठंच नाही. बिलं पुरेशी असली तर दर शोधून काढता येतात. प्रत्येक बिलाची बेरीज शक्य तितकी जुळेल असे दर निवडायचे, कुठं चार रुपये जास्त, कुठं तीन कमी, पण सगळ्या घरांचा मिळून फरक कमीत कमी. यालाच लघुतम वर्गाची रीत किंवा रिग्रेशन म्हणतात. खनिजांच्या बाबतीत बिल म्हणजे मोजलेल्या खनिजाची गिब्ज ऊर्जा, माल म्हणजे त्यातले ऑक्साइड, त्यांच्या शेजारी ऑक्सिजन किती आहेत त्यासह. १९८९मध्येच चरमॅक आणि रिमस्टिट यांनी ‘अमेरिकन मिनरॉलॉजिस्ट’मध्ये असे दर प्रसिद्ध केले. त्या दरांवरून काढलेली गिब्ज ऊर्जा मोजलेल्या आकड्यांपासून सरासरी फक्त ०.२६ टक्के हलत होती.

पाव टक्का! शेतात, बाजारात, सरकारी कचेरीत कुठंही पाव टक्क्याची चूक म्हणजे चूकच नव्हे. इथं मात्र जपून. डायोप्साइडची गिब्ज ऊर्जा उणे ३,०२७ किलोज्यूलच्या आसपास आहे. तिचा ०.२६ टक्के म्हणजे जवळजवळ आठ किलोज्यूल. आणि साध्या हवेच्या तापमानाला निसर्गाचा एक कठोर दर आहे, गिब्ज ऊर्जेत ५.७ किलोज्यूलचा फरक पडला की समतोलाचा स्थिरांक दहापट बदलतो. आठ किलोज्यूल चुकले की खनिज पाण्यात किती विरघळेल याचं उत्तर सुमारे चोवीसपट इकडे किंवा तिकडे जातं. प्रत्यक्ष मोजमापात डायोप्साइडची अनिश्चितता दोन किलोज्यूलच्या घरात आहे, तिथंही दुपटीहून थोडा जास्त फरक राहतोच. मोठ्या आकड्यांतून मोठे आकडे वजा करून उरलेल्या छोट्या फरकावर सगळा निर्णय, असा हा व्यवहार आहे. म्हणून ज्या तक्त्यात आकड्याशेजारी ‘अधिक-उणे’ लिहिलेलं नसतं तो तक्ता मी अर्धवट समजतो, मग आकडा दशांशाच्या कितीही घरांपर्यंत दिलेला असो.

हा हिशेब वर्ध्याला सर्वांत जास्त भिडतो तो काळ्या मातीत. ही माती याच कातळाची लेक. पाऊस, हवा आणि लाखो वर्षं यांनी कातळ कुजवला, त्याचे अणू सुटले आणि नव्या मांडणीत बसले. त्या मांडणीचं नाव स्मेक्टाइट. कागदाच्या गठ्ठ्यासारखे पातळ थर, आणि थरांच्या मधे पाणी. पावसाळ्यात पाणी शिरून थर फुगतात, तेव्हा वखराचं पातं मातीनं लडबडतं आणि पाय उचलवत नाही. मे महिन्यात पाणी निघून गेलं की पऱ्हाटी उपटलेल्या रानात हात जाईल अशा भेगा पडतात. विशेष म्हणजे याच लाव्ह्याच्या थरांवर कोकणात आणि घाटमाथ्यावर काळी माती न होता जांभा झाला. तिथल्या धो धो पावसानं सिलिका, चुना, मॅग्नेशियम सगळं धुऊन नेलं आणि लोखंड-अ‍ॅल्युमिनियम मागं राहिलं. वर्ध्यात त्या मानानं पाऊस बेताचा, उन्हाळा लांब. विरघळलेला माल पुरता वाहून गेला नाही, तो मातीतच राहिला आणि त्यातून स्मेक्टाइट उभं राहिलं.

पाण्यात सिलिका किती आणि मॅग्नेशियम-कॅल्शियम किती असलं म्हणजे स्मेक्टाइट टिकेल आणि कुठून पुढे केओलिनाइट या दुसऱ्या चिकण खनिजाची माती सुरू होईल, याचा आलेख काढता येतो. त्यावर एक रेघ असते, अलीकडे काळी, पलीकडे दुसरी माती. ती रेघ कुठं ओढायची हे स्मेक्टाइटच्या गिब्ज ऊर्जेवर अवलंबून, आणि नेमकी तीच सर्वांत डळमळीत. कारणं मातीच्या स्वभावातच आहेत. तिचे कण दोन मायक्रॉनहून बारीक, म्हणून आतल्यापेक्षा पृष्ठभागावरच्या अणूंचा हिस्सा वाढतो. थरांमधलं पाणी हवेच्या ओलीप्रमाणे बदलतं. सकाळी तोललेला नमुना आणि दुपारी तोललेला नमुना एक नसतो, तेव्हा मोजमापात कोणतं पाणी धरायचं? शिवाय रचना शेतागणिक थोडी निराळी. १९७४ साली टार्डी आणि गॅरल्स यांनी अशा थरांच्या खनिजांसाठी अंदाजाची पद्धत दिली, तिच्यावर पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. १९८०च्या दशकात तर काही अभ्यासकांनी स्मेक्टाइटला खरा समतोल असतो का, की ते वाटेतलंच एक मुक्कामाचं ठिकाण आहे, अशी शंका काढली. तो वाद महत्त्वाचा आहे, कारण खनिज समतोलात नसेल तर गिब्ज ऊर्जेचा आकडा कितीही काळजीनं काढला तरी त्याला टेकायला जागा नाही.

स्मेक्टाइटच्या एका सूत्राची गिब्ज ऊर्जा उणे सव्वापाच हजार किलोज्यूलच्या आसपास येते. तिच्यावर तीच ०.२६ टक्क्यांची अनिश्चितता धरली तर समतोलाचं उत्तर सुमारे अडीचशेपट हलतं. म्हणजे आलेखावरची ती रेघ रेघ नव्हेच. गावनकाशात दोन शेतांमधला धुरा बारीक रेघेनं दाखवलेला असतो, पण रानात गेलं की तो चांगला दोन-तीन हात रुंद असतो, त्यावर गवत, बोरी, बाभळी असतात, आणि भांडणं त्या रुंदीतच होतात. आलेखावरही धुराच काढावा, रेघ ओढू नये. ज्या विहिरीचं पाणी त्या पट्ट्यात पडतं तिच्याबद्दल ‘सांगता येत नाही’ हेच प्रामाणिक उत्तर.

याच्या उलट बाजू कॅल्साइटची. काळ्या रानात खणलं की चुनखडीचे पांढरे खडे निघतात, आणि विहिरीचं जड पाणी रोज उकळणाऱ्या पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो. दोन्ही कॅल्साइटच. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, शिवाय कॅल्साइट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून थर बसतो. २५ अंशांना त्याच्या विद्राव्यता गुणाकाराचा लॉगॅरिदम उणे ८.४८ आहे. १९८२मध्ये प्लमर आणि ब्यूसेनबर्ग यांनी तो इतका बारकाईनं मोजला की अनिश्चितता शेकडा पाचाच्या आसपास उरली. विहिरीच्या पाण्याची तपासणी नीट झालेली असेल तर ते चुना सोडणार की धरणार हे बऱ्याच खात्रीनं सांगता येतं. एकाच विहिरीचं पाणी, एकच संगणकी हिशेब, पण त्यातल्या चुन्याच्या उत्तरावर जेवढा विश्वास ठेवायचा तेवढा चिकणमातीच्या उत्तरावर ठेवायचा नाही. संगणक दोन्ही उत्तरं सारख्याच ठळक अक्षरांत छापतो, तिथं माणसानं जागं राहायला हवं.

चिकणमातीचं मघाचं चित्र पाहून सगळंच निरुपयोगी वाटू लागलं असेल तर थोडं थांबा. हिंगणघाटला कापूस विकायला नेला की गाडी आधी भरलेली तोलतात, मग रिकामी. काटा वीस किलो जास्त दाखवत असला तरी तो दोन्ही वेळा जास्त दाखवतो, आणि वजाबाकीत ती चूक निघून जाते. कापसाचं वजन बरोबर येतं. अट एकच, दोन्ही वजनं त्याच काट्यावर व्हायला हवीत. भरलेली गाडी एका काट्यावर आणि रिकामी दुसऱ्या काट्यावर तोलली की दोघांच्या चुका एकमेकींत मिसळतात.

खनिजांच्या चुकाही अशाच एकमेकींशी बांधलेल्या असतात. दोन खनिजांचे आकडे एकाच क्वार्ट्झच्या, एकाच अ‍ॅल्युमिनाच्या आकड्यावर उभे असतील, तर अभिक्रियेत त्यांची वजाबाकी करताना सामायिक चूक बरीचशी गळून पडते. हॉलंड आणि रॉजर पॉवेल यांनी १९८५पासून जी कोष्टकं तयार केली, १९९०, १९९८ आणि २०११मध्ये वाढवली, त्यांचं बळ यातच आहे. भट्टीतल्या प्रयोगांतून नेमकं तापमान मिळत नाही, मिळते ती खिडकी, ‘इतक्या अंशांना हे खनिज टिकलं, तितक्याला ते दुसरं’. अशा शेकडो खिडक्या आणि उष्णतेची मोजमापं एकत्र घेऊन त्यांनी सगळ्यांना पटेल असा आकड्यांचा एकच संच काढला, आणि प्रत्येक आकड्याच्या अनिश्चिततेबरोबर कोणाची चूक कोणाशी बांधलेली आहे तेही दिलं. सुट्या खनिजाच्या एन्थाल्पीत किलोज्यूलचा गोंधळ असला तरी अभिक्रियेचं उत्तर त्याहून कितीतरी नेमकं येऊ शकतं. दोन वेगवेगळ्या कोष्टकांतून एकेक आकडा उचलून वजाबाकी करणं म्हणजे मात्र दोन काट्यांवर गाडी तोलणं. नवख्या अभ्यासकांच्या हातून ही चूक हमखास होते.

आणि एक चूक अशी की जी कोणत्याच ‘अधिक-उणे’मध्ये मावत नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप या भागातले दगड, जीवाश्म आणि खनिजं आयुष्यभर गोळा करत राहिले. सप्टेंबर १८६३मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. त्याआधीच, १८५९ साली, नागपूरजवळच्या टाकळीचं एक सुंदर हिरवं खनिज त्यांच्या नावानं ‘हिस्लोपाइट’ म्हणून जाहीर झालं होतं. पुढे लक्षात आलं की ते स्वतंत्र खनिज नाही, हिरव्या ग्लॉकोनाइटनं रंगलेलं कॅल्साइट आहे. असल्या मिश्रणाची उष्णता कुणी चोख मोजली असती तरी ती कुठल्याच एका खनिजाची ठरली नसती.

गिरडच्या खड्यांपुढे हाच पेच आहे. झिओलाइटमध्ये सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण सरकतं, सोडियमच्या जागी कॅल्शियम येतं, पाणी कमीजास्त होतं, आणि एका खड्यात दोन-तीन जाती एकमेकींत शिरलेल्या असतात. १९६०च्या सुमारास जॉर्ज वॉकर यांनी पूर्व आइसलँडच्या लाव्ह्यात झिओलाइटांचे थर खोलीनुसार कसे बदलतात ते दाखवलं, आणि कोणता झिओलाइट सापडला यावरून पाणी किती तापलं होतं ते ओळखायची वाट झाली. कार्बन डायऑक्साइड दगडात कोंडता येतो का हे पाहायला त्याच देशात २०१२ साली तो पाण्यात विरघळवून कातळात सोडला, तेव्हा त्याचा पंचाण्णव टक्क्यांहून जास्त भाग दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिजांत बदलल्याचं आढळलं. आपल्या दख्खनच्या कातळाकडेही त्याच आशेनं पाहिलं जातं. किती वायू दगड होईल, पोकळ्या झिओलाइटनं आणि चिकणमातीनं आधीच बुजतील का, याचे हिशेब आज जिथं जिथं मांडले जातात, तिथं डायोप्साइड, प्लॅजिओक्लेज, स्मेक्टाइट, झिओलाइट यांचे हेच आकडे घातलेले असतात, काही मोजलेले, काही बेरजेनं काढलेले.

माझ्या टेबलावरच्या खड्याचं तापमान काढायचं तर आधी तो कापून त्यातल्या जाती वेगळ्या कराव्या लागतील, प्रत्येकीची रचना तपासावी लागेल, हवेतली ओल किती होती ते लिहून मगच पाणी तोलावं लागेल. त्यानंतर येणाऱ्या उत्तरात एक तापमान नसेल, इथपासून तिथपर्यंत असा पट्टा असेल. सध्या तो खडा चकाकत्या बाजूनं वर ठेवला आहे, आणि त्याच्या पोकळीत अजून थोडी काळी माती अडकलेली आहे.